ॲक्वापोनिक्स: मासे सर्वांत शेवटी आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गॅलरीत एकाच पाण्यावर मासे आणि भाजी वाढवण्याच्या ॲक्वापोनिक्सचे सध्या बरेच कौतुक चालू आहे. हौशी माणूस टाकी, पंप आणि मासे एकाच दिवशी घरी आणतो. आठवड्याभरात मासे उलटे तरंगू लागतात आणि खापर फुटते दुकानदारावर. बिघाड वेगळाच असतो. या संचात तिसरा भिडू आहे, खडीवर वाढणारे जिवाणू, आणि त्यांना कोणी वेळच देत नाही.

माशांच्या शरीरातून पाण्यात अमोनिया येतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा त्याचे नायट्रेट. पहिली दोन माशांना विष, तिसरे रोपांचे खत. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे नकोत, जिवाणूंना खुराक म्हणून अमोनिया आपणच घालायचा. २०० लिटर पाण्यात सव्वा ग्रॅम शुद्ध नवसागर विरघळवा, म्हणजे लिटरला साधारण २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. मत्स्यालयाच्या दुकानात थेंबांनी तपासायचा संच मिळतो. एवढा अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसले, की मग मासे. नळाचे पाणी घालताना मात्र ते आधी दिवसभर हवेच्या पंपावर ठेवा, कारण क्लोरीन माशांना तर मारतेच, जिवाणूंनाही मारते.

भाजी लावायची ती खडीच्या वाफ्यात; पंप टाकीतले पाणी त्यात चढवतो आणि ते परत टाकीत उतरते. २०० लिटरला अर्धा चौरस मीटर, ३० सेंटिमीटर खोल वाफा पुरतो. खडीवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर ती चुनखडीची, घेऊ नका. एकूण एक किलो मासे, त्यांना दिवसाला २० ग्रॅम खाद्य. पाच मिनिटांत संपले नाही तर उरलेले काढून टाका. यावर पालक, माठ, पुदिना, अळू छान येतात. मुळा-गाजराच्या फंदात पडू नये. आणि एक किलो माशांवर कोळणीचे गिऱ्हाईक काही तुटणार नाही, हेही आधीच सांगितलेले बरे.

सगळ्यात जास्त डोके खातो तो बेल सायफन, म्हणजे वाफा भरला की आपोआप रिकामा करणारी नळ्यांची जोडणी. वाफ्याच्या तळातून पाऊण इंची उभा पाइप वर येतो, २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे खडीचा वरचा ५ सेंटिमीटर थर कोरडा राहतो (शेवाळ आणि डास दोन्ही टळतात). त्यावर दोन इंची पाइपची, वरून बंद आणि खाली खाचा पाडलेली टोपी. पाणी पाइपच्या तोंडाशी आले की सायफन लागतो, वाफा भराभर रिकामा होतो, खाचांतून हवा शिरली की थांबतो. पंपाचे पाणी कमी पडले तर नुसते ओघळत राहते, सायफन लागतच नाही. जास्त झाले तर तो सुटतच नाही. म्हणून पंपाच्या नळीवर व्हॉल्व्ह हवाच. पंपावर छापलेला ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. मीटरभर वर पाणी चढवताना तो निम्म्यावरही येतो.

आता वजन. मुंबईत हा मुद्दा पहिला यायला हवा आणि तोच लेखांतून गाळला जातो. निवासी इमारतीच्या गॅलरीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण ३०० किलो भार धरतात. ६० सेंटिमीटर व्यासाचा २०० लिटरचा भरलेला पिंप आपल्या बुडाखाली चौरस मीटरला ७०० किलोंच्या हिशेबाने दाब देतो. त्यात ओल्या खडीचा वाफा आणखी जवळजवळ २९० किलो. खडीऐवजी भाजलेल्या मातीचे गोळे घेतले तर वाफा ११० किलोंवर येतो. जुन्या इमारतीत तर अभियंत्याला विचारल्याशिवाय हात घालू नये. गच्चीवर ठेवायचे तरी सोसायटीची परवानगी घेऊन, तुळईच्या वर. असे लेख छापताना वजनाचा हिशेब चौकटीत द्यावा, ही आपल्याला विनंती.

चालू संचात पाण्याचा सामू (पीएच) हळूहळू उतरतो. ६.५च्या खाली गेला की जिवाणू मंदावतात. तेव्हा चिमूटभर चुना पाण्यात कालवून घालावा, पण एकदम नाही. सामू ७ वरून ८ वर गेला तर त्याच अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे, कारण माशांच्या खाद्यात ते पुरेसे नसते; चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेले राहून रोपांना घेता येणारे लोह द्यावे. वीज गेली की हवा थांबते आणि उन्हाळ्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असू द्या.

कीड पडली तरी कडुनिंबाचे तेलसुद्धा फवारू नका, माशांना ते बाधते. पावसाळ्यात डासांसाठी धूरफवारणीची गाडी आली, की टाकी ताडपत्रीने झाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा. तो बाहेरची हवा ओढतो आणि त्या धुरातली पायरेथ्रम जातीची औषधे माशांना फार विषारी असतात.

आपला,
एक वाचक, दादर