पहिले ३० सेकंद

संपादक महोदय,

स्पॉटिफाय या गाणी ऐकण्याच्या ॲपवर गाणे ३० सेकंद वाजले की एक 'ऐकणे' मोजले जाते. प्रास्ताविक सुरावट आखडून मुखडा आधीच येऊ लागला, यात नवल ते काय! २०२४ पासून तर वर्षभरात १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनच नाही. पुढचे गाणे सुचवणाऱ्या अल्गोरिदमला, म्हणजे ॲपच्या गणिती सूत्राला, आवड कळत नाही. तुम्ही कुठे थांबलात, काय ओलांडलेत, काय पुन्हा लावलेत, एवढेच कळते. बाळासाठी लावलेली अंगाई म्हणूनच पुढे कित्येक दिवस शिफारशींत डोकावते. अशी गाणी लावण्याआधी स्पॉटिफायचे 'प्रायव्हेट सेशन' सुरू करावे; त्यातले ऐकणे शिफारशींत सहसा धरले जात नाही. पुढची गाणी आपोआप लावणारा ऑटोप्ले बंद ठेवावा. यूट्यूबवर वॉच हिस्टरीतल्या (पाहिल्याच्या यादीतल्या) नको त्या नोंदी पुसाव्यात. नुसते 'डिसलाइक' दाबून फारसे भागत नाही. आणि नवे ऐकायचे तर गायकाचे नाव स्वतः टाइप करून अख्खा अल्बम लावावा.

– एक वाचक