त्यांना अग्नी मिळाला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी एक पान जादा वाढतात. ते थोरल्या आजोबांचे, म्हणजे माझ्या आजोबांच्या वडील भावाचे. मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, एप्रिल 1945 मध्ये इटलीत पडले. तिथले युद्ध 2 मे रोजी संपले, तेवढे चार आठवडेही त्यांना मिळाले नाहीत. घरात त्यांचा फोटो नाही. सहा टोकांचे ताऱ्यासारखे पदक तेवढे आहे. लहानपणी आम्ही ते गोट्यांच्या डब्यात टाकायचो आणि मार खायचो.

थोरली आजी 1984 साली गेली. नवरा गेल्याचे ती फारसे बोलत नसे. तिचा सल वेगळाच होता. ‘अग्नी न्हाई मिळाला त्यास्नी. परक्या मातीत कुठं पुरल्यात कुणास ठावं,’ असे पान वाढताना दरवर्षी म्हणायची. आम्हीही तेच खरे धरून चाललो. वडिलांनी एका कार्यालयात चकरा मारल्या, तर ‘एवढे जुने कुठे मिळणार?’ एवढेच उत्तर मिळाले.

यंदा उन्हाळ्यात मुलीकडे म्युनिकला गेलो होतो. तिने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध सुरू केला. 1917 साली स्थापन झालेली ही संस्था दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी सांभाळते आणि नाव शोधायला पैसे पडत नाहीत. दोन रात्री ‘पवार’ शोधून ती कंटाळली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पवार झालो ते वडिलांच्या शाळेच्या दाखल्यापासून. भरतीच्या टेबलावर थोरल्या आजोबांनी आपल्या बोलीत ‘पोवार’ सांगितले असणार आणि कारकुनाने ऐकले तसे लिहिले असणार. ‘पोवार’ घातल्यावर त्यांच्या वडिलांचे नाव, गडहिंग्लज तालुक्यातल्या आमच्या गावाचे मोडतोड झालेले नाव आणि बायकोचे नावही आले. रेशनकार्ड सोडले तर आजीचे नाव छापील अक्षरांत मी पहिल्यांदाच पाहिले. स्मारकाचे नाव होते फोर्ली क्रिमेशन मेमोरियल. मुलगी म्हणाली, ‘बाबा, क्रिमेशन म्हणजे दहन.’

मी जागचा उठून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

बोलोन्याहून फोर्लीला रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येते. दफनभूमी गावाबाहेर रावेन्नाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. दफन झालेल्या सैनिकांचे दगड ओळीने उभे, गवत आपल्या राजाराम कॉलेजच्या मैदानापेक्षा नीट कापलेले. ज्यांना अग्नी दिला त्या हिंदू आणि शीख जवानांची नावे स्मारकावर आहेत, साडेसातशेहून जास्त. जाधव, शिंदे, मोरे, सावंत... वाचताना बाहेरगावच्या लग्नात ओळखीची माणसे भेटावीत तसे वाटत होते. आमचे नाव सापडायला बराच वेळ लागला.

त्या एप्रिलात तिथल्या सेनिओ नदीच्या काठी तोफा चालू असताना, ओल्या मुलखात, लाकडे कुणी गोळा केली असतील? पलटणीतलाच कुणी आपल्याकडचा असेल, त्याला मंत्र येत होते की नाही देव जाणे. पण सरण रचले गेले आणि नोंदही झाली. आजी मरेपर्यंत जे सोसत राहिली, ते सोसण्याचे काही कारणच नव्हते, हे मला तिथे उभे राहून फार लागले.

जोतिबाचा गुलाल चिमूटभर पुडीत नेला होता. दगडाला लावून डाग पाडणे बरे दिसेना, म्हणून पायथ्याच्या मातीत सोडला आणि हळूच चांगभलं म्हटले. मुलगी इकडेतिकडे बघत होती, कुणी ओरडेल म्हणून.

इटलीत सुमारे 50 हजार भारतीय सैनिक लढले, त्यातले 5,782 परतले नाहीत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांच्या अखेरच्या जागेचा ठावठिकाणा नाही, नाव कसिनोच्या स्मारकावर आहे. त्या मानाने आमचे आजोबा नशीबवान म्हणायचे.

पत्र लिहिण्याचे कारण हे की सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत आपल्या जिल्ह्यात अशी पाने वाढणारी घरे पुष्कळ असतील. पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या काही गावांत दिसतात: या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले. नुसता आकडा. दुसऱ्या महायुद्धाची तर बहुतेक ठिकाणी तेवढीही खूण नाही. ग्रामपंचायतींनी, नाहीतर वाचनालयातल्या चार तरुण पोरांनी, आपल्या गावापुरती नावे त्या नोंदींतून काढून फळ्यावर लावली तर एका सुट्टीचे काम आहे. अजून नव्वदीच्या म्हाताऱ्या मुली, सुना हयात आहेत तोवर व्हावे.

शोधताना हल्लीच्या स्पेलिंगवर विसंबू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आडनाव मोठ्याने म्हणायला सांगा आणि इंग्रजी अक्षरे तशी जुळवून बघा. गावाचे नावही तसेच. आमचे गाव मी स्वतः तीनदा वाचूनही ओळखले नव्हते, ओळखले ते बायकोने.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी
कसबा बावडा, कोल्हापूर