मोर्सचा तक्ता पाठ करू नका, आधी कानाने ऐका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या मुलांच्या पानावर मोर्स कोडचा तक्ता छापून आला. ए पासून झेड पर्यंत टिंब आणि रेघा, आणि खाली लिहिलेलं की कापून भिंतीला चिकटवा, रोज पाच अक्षरं पाठ करा म्हणजे आठवडाभरात हॅम रेडिओवाल्यांची (छंद म्हणून स्वतःच्या रेडिओवरून एकमेकांशी बोलणाऱ्यांची) गुप्त भाषा येईल. आजकाल हा विषय कोणी छापत नाही, तुम्ही छापला म्हणून आधी आभार मानतो. पण आमच्या शेजारच्या सहावीतल्या पोराने तो तक्ता त्याच दिवशी कापला आणि सोमवारी संध्याकाळी दुकानात येऊन मला पहिली पाच अक्षरं म्हणून दाखवली, टिंब-रेघ, रेघ-टिंब-टिंब-टिंब, एकदम धडाधड, न चुकता. मी टेबलावरचा ऑसिलेटर (मोर्सचा टोन काढणारं छोटं यंत्र) चालू केला आणि त्याला सी वाजवून दाखवला, डा-डि-डा-डिट, म्हणजे डा ही रेघ आणि डि किंवा डिट हे टिंब. त्याला कळला नाही. परत वाजवला तर तो बोटं मोजायला लागला, आणि त्याचं मोजून होईपर्यंत माझा हात की (मोर्स वाजवायचा खटका) वरून उचलून झाला होता. त्याचं तोंड एवढंसं झालं. म्हणून हे पत्र लिहितोय, कृपा करून छापा, कारण त्याच्यासारख्या किती पोरांनी तो तक्ता भिंतीला लावला असेल.

माझं भुसावळला मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, आणि बरीच वर्षं झाली मी हॅम आहे. मी पण तक्त्यावरूनच सुरुवात केली होती. वहीत टिंब-रेघा लिहून लिहून सगळी अक्षरं पाठ केली, अक्षर सांगा मी लगेच लिहून देणार, आणि मग एका ओळखीच्या हॅमच्या घरी पहिल्यांदा खरं स्टेशन ऐकलं तर एक अक्षर कळेना. सहा महिने हेच चाललं. कानात आवाज यायचा, मी डोळ्यासमोर टिंब-रेघ काढायचो, मग मनातला तक्ता वरून खाली शोधायचो, तेवढ्यात पुढची तीन अक्षरं निघून गेलेली. एचला चार टिंबं, एसला तीन, पाचच्या आकड्याला पाच, हे सगळं माहीत होतं पण ऐकताना तीन होती का चार तेच कळायचं नाही. मला वाटायला लागलं की आपल्या डोक्यात हे बसणारच नाही, आणि की कपाटात ठेवून दिली.

याचा हिशोब साधा आहे. मोर्समध्ये रेघ म्हणजे तीन टिंबांएवढी लांब, एका अक्षराच्या आत एका टिंबाची जागा मोकळी, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात. स्पीड मोजायला PARIS हा शब्द धरतात (आपण पॅरिस म्हणू), तो पुढच्या मोकळ्या जागेसकट बरोबर ५० टिंबांचा भरतो. म्हणजे मिनिटाला २० शब्द असतील तर एक टिंब ०.०६ सेकंदाचं झालं, आणि पाचचा आकडा, पाच टिंबं आणि मधल्या चार जागा धरून, अर्ध्या सेकंदाच्या जरासा वर. आता एवढ्या वेळात कोण पाच मोजेल? हेच ५ शब्दांच्या स्पीडला एक टिंब ०.२४ सेकंदाचं होतं, तिथं मोजता येतं, आणि खरी गडबड तिथेच होते, कारण पोरं हळू स्पीडला मोजून मोजून शिकतात, त्यांना वाटतं जमलं, आणि मग दहाच्या आसपास गाडी अशी अडकते की पुढे सरकतच नाही. ती मोजायची सवय मोडायला नवीन शिकण्यापेक्षा जास्त दिवस जातात, हे मी स्वतः भोगलेलं आहे.

मला बाहेर काढलं ते रेल्वेतून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्या तारमास्तरांनी. भुसावळ जंक्शन म्हणजे एकेकाळी गाड्यांचे निरोप या स्टेशनहून त्या स्टेशनला तारेवरच जायचे, आणि ते काम केलेली माणसं आमच्या गल्लीत होती. काका मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच बोलायचे. त्यांच्याकडे टोन नव्हता, त्यांचा सगळा जन्म साउंडरच्या (तारेचा निरोप टिकटिक करून वाजवणाऱ्या यंत्राच्या) कड-कट्ट वर गेलेला, दोन टिकटिकींच्या मधला वेळ ऐकून ते अक्षर ओळखायचे. मी त्यांच्यासमोर बसून मोजायला लागलो तर त्यांनी चमच्याने स्टीलच्या ग्लासवर एकच अक्षर वाजवलं, दहा-पंधरा वेळा तेच ते, आणि म्हणाले, "टिंब गिनू नको पोऱ्या, आयक फक्त. गाना आयकस ना तू, मंग सूर गिनस का?" ते अक्षर एल होतं, डि-डा-डि-डिट. तेवढा वेळ ऐकल्यावर माझ्या डोळ्यासमोरची टिंबं गेली आणि नुसता ठेका राहिला, आणि आजही एल म्हटलं की मला तो ग्लासच ऐकू येतो. ओळखीच्या माणसाने दारावर टकटक केली की आपण किती वेळा वाजवलं ते मोजत नाही ना, कळतं कोण आलंय, तसंच.

काका जे ग्लासवर सांगत होते तेच कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात पद्धत म्हणून मांडलं होतं, हे मला नंतर कळलं. पहिल्या दिवसापासून अक्षर पूर्ण स्पीडने ऐकायचं, १८-२० ने, पण अक्षरं फक्त दोन घ्यायची. बहुतेक जण के आणि एम ने सुरुवात करतात, डा-डि-डा आणि डा-डा. तेच दोन उलटसुलट ऐकून लिहायचे, शंभरातले नव्वद बरोबर आले की तिसरं अक्षर घ्यायचं, नाही आले तर नाही घ्यायचं, घाई करायची नाही. स्पीड जास्त वाटला तर अक्षर हळू करू नका, अक्षरांमधली मोकळी जागा वाढवा, याला फार्न्सवर्थ म्हणतात. एकदम तासभर बसू नका, सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री पंधरा मिनिटं, पण रोज. मोबाईलवर यासाठी फुकट अॅप आहेत, एलसीडब्ल्यूओ नावाची साईट पण आहे, मी पोरांना तीच लावून देतो. आणि एखादं अक्षर सुटलं तर तिथं रेघ मारून पुढे चला, मागचं आठवत बसलात की पुढची चार जातात, ही सवय लागायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. काही जण प्रत्येक अक्षराला एक शब्द जोडून लक्षात ठेवायला शिकवतात, ते पण नको, ते म्हणजे तक्त्याच्या मध्ये अजून एक तक्ता.

आणि की ला हात लवकर लावू नका. निदान दहा-बारा अक्षरं कानात बसू द्या, नाहीतर आपण चुकीचाच ठेका वाजवतो आणि तोच बरोबर वाटायला लागतो. ज्यांना करून बघायचंच आहे त्यांनी ५५५ ची आयसी, दोन रेझिस्टर, एक कपॅसिटर, छोटा स्पीकर आणि ९ व्होल्टची बॅटरी घेऊन ऑसिलेटर बनवावा, आठवी-नववीचं पोरगं एका दुपारी बनवतं. की दाबताना नुसतं बोट आपटायचं नाही, मनगट हलायला पायजे, हात टेबलावर टेकलेला.

अजून एक, "गुप्त भाषा" हा शब्द तेवढा दुरुस्त करा. हॅम रेडिओवर गुप्त काही बोलायला परवानगीच नाही, जे जातं ते कोणीही ऐकावं असं उघड जातं. क्यूटीएच म्हणजे माझं ठिकाण, क्यूआरएस म्हणजे जरा हळू पाठवा, ७३ म्हणजे शुभेच्छा, हे जगभर सगळ्यांना माहीत असलेले शॉर्टकट आहेत. मात्र प्रसारण करायला सरकारचं लायसन्स लागतंच, त्याची परीक्षा असते, वयाची अट १२ वर्षं पूर्ण. मी जनरल ग्रेडची परीक्षा मुंबईला दिली तेव्हा मोर्स मिनिटाला ८ शब्द घ्यायचं आणि पाठवायचं होतं. ऐकण्यापासून मात्र आजच सुरुवात करता येते. साध्या रेडिओवर मोर्सचा टोन येत नाही, नुसतं फुसफुस येतं, एसएसबी किंवा बीएफओ (मोर्सचा टोन ऐकू येण्याची सोय) असलेला रिसीव्हर लागतो. तो नसेल तर इंटरनेटवर वेबएसडीआर (दुसरीकडे ठेवलेला रिसीव्हर घरबसल्या ऐकायची साईट) लावा आणि संध्याकाळनंतर ७.००० ते ७.०४० मेगाहर्ट्झ मध्ये फिरा.

मला लोक विचारतात की तार १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली, हॅमसाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ ला जिनिव्हाच्या परिषदेत निघाली, मग आता हे कशाला. त्यांना मी माझ्या गच्चीवर नेतो. रिवायंडिंगमधून उरलेल्या १८ गेजच्या तांब्याच्या तारेचा डायपोल अँटेना आहे, दोन्ही बाजूला साधारण १०-१० मीटर, एक टोक लिंबाच्या झाडाला आणि दुसरं पाण्याच्या टाकीच्या पाईपला. पॉवर ५ वॅट, तेवढ्याला मोटरसायकलची १२ व्होल्टची बॅटरी पुरते. आवाजात बोलायचं तर अडीच-तीन किलोहर्ट्झ जागा लागते, मोर्सला दीडशे हर्ट्झच्या आसपास, त्यामुळे तेवढीच पॉवर एका बारीक जागेत जाते आणि जिथं बोलणं गोंगाटात बुडतं तिथं टोन वर राहतो. दिवसा आमच्याकडे पंपांचे स्टार्टर आणि एलईडी बल्ब यांची एवढी खरखर असते की काही विचारू नका, पण मे महिन्यात रात्री लाईट गेली की सगळं गाव एकदम शांत होतं, आणि त्या अंधारात बॅटरीवर जे बारीक बारीक टोन वर येतात ते ऐकताना गरमीचं पण भान राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आणि २००१ ला भुजला हॅम मंडळी मदतीला गेली होती, बॅटरी, तार आणि माणूस एवढ्यावर चालणारी ही गोष्ट आहे.

माझा पहिला संपर्क अशाच रात्री झाला. समोरचा माणूस २० च्या स्पीडने सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) देत होता, मी घाबरत घाबरत ८ ने उत्तर दिलं, हाताला एवढा घाम की की ची गुंडी निसटत होती. तो लगेच ८ वर आला. माझं ठिकाण मी दोनदा चुकवलं, तो थांबून राहिला, तिसऱ्यांदा बरोबर गेलं तेव्हा त्याने आर पाठवला, म्हणजे मिळालं, आणि शेवटी ७३. या छंदात हा रिवाज आहे की ज्याचा स्पीड कमी त्याच्या स्पीडने दुसऱ्याने यायचं. खाली गच्चीच्या पायरीवर काका बसले होते, त्यांना तो टोन नीट झेपायचा नाही, पण माझं ठिकाण चुकलेलं त्यांनी दोन्ही वेळा बरोबर पकडलं होतं.

शेजारच्या पोराने परवापासून तक्ता उतरवून ठेवलाय. आता तो फक्त के आणि एम ऐकतो, काल पन्नासातले एकतीस बरोबर आले. त्याची आई म्हणते जेवताना पण ताटावर चमचा वाजवतो.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच पानावर छोटीशी दुरुस्ती छापा, तक्ता भिंतीवरून काढा, दोन अक्षरं कानाने घ्या, आणि ऐकायची सोय कुठे आहे ते सांगा. भुसावळ-जळगावच्या शाळांपैकी कोणाला पोरांना ऐकवायचं असेल तर मी ऑसिलेटर आणि रिसीव्हर घेऊन शाळेत यायला तयार आहे, पैसे नकोत, रविवारी दुकान बंद असतं. शाळेने फक्त एक शांत खोली द्यावी, पंख्याचा आवाज नसलेली.

आपला,
एक वाचक, भुसावळ