यॉर्कला भेटलेला खेकडा

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

प्रिय सुध्या,

काल रात्री उशिरा यॉर्कहून परतलो आणि आज चहा झाल्या झाल्या तुला लिहायला बसलोय. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं.

आमच्या शेजारच्या आजोबांबद्दल तुला मागे लिहिलं होतं. तळघरात खेळण्यातली रेल्वे मांडून बसलेले असतात, तेच. दर ऑक्टोबरात ते पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला जातात. ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन ही १९५४ सालची संस्था, आणि तिथं वर्षातून दोनदा आगगाड्या जमवणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. यंदा मला म्हणाले, चल. पहाटे निघालो, तीन तासांत पोचलो.

अरे, एक हॉल नाही, हॉलमागून हॉल. नावं रंगांची : ऑरेंज, पर्पल, सिल्व्हर. आत टेबलांच्या रांगा, आणि टेबलांवर इंजिनं, डबे, सिग्नल, पूल, खोकी. हो, नुसती रिकामी खोकीसुद्धा! मूळ खोकं शाबूत असेल तर गाडीची किंमत पार बदलते. एक म्हातारा गृहस्थ खोक्याची झाकणं इतक्या हळुवार उघडत होता, जणू आतलं कोणी झोपलंय.

सगळ्यात जास्त माल लायोनेलचा. जोशुआ लायोनेल कॉवेन यांनी १९०० साली काढलेली कंपनी. त्यांच्या रुळाला तिसरी पट्टी असते, मधोमध. वीज त्या मधल्या पट्टीतून येते आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परत जाते. त्यामुळे रूळ गोल फिरवून परत त्याच मार्गाला आणून जोडला तरी शॉर्ट होत नाही. १९५७ साली त्यांनी मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली, ती दुकानात पडून राहिली. आज तिच्याभोवती हीऽ गर्दी.

मी मात्र दुधाच्या डब्यापाशी अडकलो. १९४७ चा पांढरा डबा. बटण दाबलं की दार धाडकन उघडतं, पांढऱ्या कपड्यातला टीचभर माणूस पुढं येतो, दुधाचा कॅन फलाटावर ढकलतो आणि दार लागतं. विकणाऱ्याने माझ्यासाठी सहा वेळा केलं ते. सहाव्या वेळी कॅन आडवा झाला, तर त्याने नखाने उचलून पुन्हा आत ठेवला.

लोकांचा सच्चेपणा मला फार भावला. "हा रंग मूळचा नाही," "ही चाकं बदललेली आहेत," असं आपणहून सांगतात. युद्धापूर्वीच्या जस्ताच्या ओतकामात भेसळ राहिली असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी भुगा होतो. तसं एक इंजिन एका विकणाऱ्याने मला हातावर ठेवून दाखवलं. बाहेरून लखलखीत, खाली चाकाचे तुकडे. वाईट वाटलं रे.

आणि मग दुपारी, कोपऱ्यातल्या एका टेबलावर, खेकडा!

मार्कलिन या जर्मन कंपनीचा, हिरवा, वीतभर लांब. ते त्याला क्रोकोडाइल म्हणतात, मगर. खरं इंजिन स्विस रेल्वेसाठी, आल्प्समधल्या गॉटहार्डच्या घाटाकरता, १९१९ पासून स्वित्झर्लंडातल्या विंटरथूरच्या कारखान्यात बांधलेलं. दोन्ही टोकांना लांब नाक, मधे केबिन, चाकांना जोडणारे दांडे. तीच ठेवण! आपला खेकडा, म्हणजे नाना चालवायचे ते डब्ल्यूसीजी-१ इंजिन, त्याची पहिली इंजिनं विंटरथूरच्या त्याच कारखान्यातून जीआयपी रेल्वेला आली होती, हे तुला ठाऊक आहे का? बाकीची इंग्लंडात बांधली. आल्प्सचा घाट काय आणि आपला १:३७ चा भोर घाट काय, उपाय एकाच कारखान्यातून निघाला. फरक एवढाच, की मगरीला दोन्ही टोकांना लहान चाकांची एकेक जोडी जास्त असते. आपल्या खेकड्याला सहाच जोड्या, सगळ्या ओढणाऱ्या.

टेबलामागच्या बाईंनी ती मगर वळणावर चालवून दाखवली. पुढचं नाक आधी वळलं, मग मधली केबिन, मग मागचं नाक. तीन तुकड्यांत वाकत, दांडे खालीवर करत, सावकाश. मला कर्जतचा फलाट आठवला. गाडीला मागून लागलेला खेकडा, आणि खिडकीतून आपल्याकडे न बघता हात वर करणारे नाना. डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही. बाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी खेकड्याचं नाव दोनदा म्हणून पाहिलं.

घेतला मी तो. डिसेंबरात ताई पुण्याला येतेय, तिच्या हातातल्या बॅगेत येईल. नानांना आत्ता बोलू नकोस. फक्त एवढं विचारून ठेव : घाटातल्या वळणावर पुढचं नाक वळायचं, तेव्हा केबिन बाजूला ओढली गेल्यासारखी वाटायची का? ते काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

नाना-काकूंना साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनू