आनंदाची सरासरी

महोदय,

हल्ली पणजीत बँकेपासून हॉटेलापर्यंत जिथे तिथे 'समाधान किती, 1 ते 5?' असे विचारतात आणि उत्तरांची सरासरी मिरवतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी लोकांची मते मोजण्यासाठी 1932 मध्ये मांडलेल्या श्रेणीचाच हा वंशज. पण हे आकडे केवळ क्रम सांगतात. 2 आणि 3 मधले अंतर 4 आणि 5 मधल्या अंतराएवढेच, हे कोणी ठरवले? नैराश्यासाठी डॉक्टर 0 ते 27 गुणांची प्रश्नावली वापरतात. ती उपयोगी, कारण त्यानंतर ते रुग्णाशी बोलतात. चवथीला मुंबईहून आलेल्या लेकाला पाहून आईला होणारा आनंद (आणि तो परत जाणार ही हुरहूर) कुठल्या चौकटीत टाकायचा? सरासरीऐवजी निदान किती जणांनी कोणता आकडा दिला, ते तरी जाहीर करा.

– एक वाचक, फोंडा