पाळणाघर चालवणाऱ्या सर्व ताईंसाठी सूचना

ताईंनो, पावसात मुलं घरात कोंडली की चावाचावी वाढते. दीड-दोन वर्षांच्या मुलाकडे शब्द थोडे, म्हणून दात पुढे येतात. आधी ज्याला चावलं त्याला जवळ घ्या. मग चावणाऱ्यासमोर खाली बसून एवढंच सांगा, "चावायचं नाही, त्याला दुखतं." लांबलचक भाषण त्याच्या डोक्यावरून जातं (मोठ्यांच्याही जातं म्हणा). एकसारख्या दोन गाड्या ठेवल्यात तर बरीच भांडणं होतच नाहीत.

"बागुलबुवा येईल" बंद. खोलीत कोंडणं, चापट अजिबात नाही. ताब्यातल्या मुलाला मारहाण वा छळ हा बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५ खाली गुन्हा आहे.

घडलेलं त्याच संध्याकाळी पालकांना सांगा. चावणाऱ्याचं नाव मात्र दुसऱ्या पालकांना सांगू नका.