विहीर वाटायची नव्हती

पुणे,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार.

आधी माफी मागतो, मग बाकीचं. २०२३ साली तू मला प्राइम व्हिडिओची ती बातमी पाठवलीस. ॲमेझॉनच्याच एका टीमने व्हिडिओची गुणवत्ता तपासणारं सुट्या सुट्या तुकड्यांतलं काम परत एका प्रोसेसमध्ये आणलं आणि खर्च ९० टक्क्यांनी खाली आला, ती. सोबत तुझा एक शब्द नाही, नुसती लिंक. आपलं डेअरीच्या बिलांचं सॉफ्टवेअर सुट्या तुकड्यांत फोडायचा हट्ट माझा होता, म्हणून मला तो टोमणा वाटला. मी उत्तर दिलं नाही. मग उत्तर दिलं नाही याची लाज वाटून फोन केला नाही, आणि फोन केला नाही म्हणून तुझ्या गृहप्रवेशालाही आलो नाही. चुकलो रे.

घरी सगळे ठीक. बाबांची शुगर आटोक्यात आहे, माझी पाठ अधूनमधून धरते.

आता जे झालं ते ऐक. हे मी इथे कुणाला सांगू शकत नाही, कारण इथल्या कुणाच्या आईने डेअरीला दूध घातलेलं नाही.

मंगळवारी सकाळी विद्यापीठ चौकात अडकलो होतो. सपोर्टच्या पोरीचा फोन आला, तिने एका संकलन केंद्राच्या सचिवांना जोडून दिलं आणि त्यांनी फोन सरळ एका बाईंच्या हातात दिला. बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, पेंडीचं पोतं मी एकच नेलं होतं." एवढंच. पावतीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. दोन गाई. दहा दिवसांचं दूध १२० लिटर, दर ३४ रुपये, एकूण ४,०८०. त्याखाली कपात: पशुखाद्य १,५००. त्याखाली पुन्हा पशुखाद्य १,५००. हाती १,०८०. यायला हवे होते २,५८०.

त्या पावतीवर सगळं बरोबर होतं, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घनभाग), दर, सही. एक ओळ दोनदा होती, बस. संध्याकाळपर्यंत कळलं की एकूण २१२ खात्यांवर तेच झालंय.

तुला कारण सांगायची गरज नाही, तरी सांगतो, मला ते एकदा नीट लिहून काढायचंय. बिल सर्व्हिसने, म्हणजे बिलं काढणाऱ्या तुकड्याने, कपात सर्व्हिसला सांगितलं, या खात्यातून दीड हजार काप. तिने कापले. पण सगळ्या केंद्रांची बिलं एकदम निघत होती, लोड होता, तिचं उत्तर पाच सेकंदांत परत आलं नाही. बिल सर्व्हिसने धरून चाललं की काम झालंच नाही, आणि पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा कापले. दोघींनीही आपापलं काम चोख केलं.

उत्तर आलं नाही याचे अर्थ तीन होतात. निरोप पोचलाच नाही, पोचला पण काम अर्धवट राहिलं, किंवा काम पूर्ण झालं आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं. विचारणाऱ्याला हे तिन्ही सारखेच दिसतात. तुझ्या मॉनिटरवर तो कागद चिकटवलेला असायचा, वितरित, म्हणजे अनेक यंत्रांवर पसरलेल्या, सिस्टिम बांधणाऱ्यांच्या खोट्या गृहीतकांचा, पीटर डॉइचने सन या संगणक कंपनीत असताना केलेली यादी. पहिलंच गृहीतक: नेटवर्क भरवशाचं आहे. मी तो कागद आठ वर्षं रोज बघितला, पक्या. चहाला बोलवायला तुझ्या डेस्कशी यायचो तेव्हा समोर तोच असायचा.

पैसे बुधवारी रात्री सगळ्यांना परत गेले. त्यानंतर मी घरी न जाता जुनी रिपॉझिटरी, कोडचा साठा, उघडली. आपली. २००९ ची. कपातीची फाइल काढली, आणि कमिटच्या, म्हणजे सगळ्या नोंदी एकदम पक्क्या करणाऱ्या ओळीच्या, बरोब्बर वर तुझी कॉमेंट:

"कपात आणि जमा एकाच कमिटमध्ये. कुणीही वेगळं करू नये. हे लोकांचे पैसे आहेत. प्र."

मराठीत. आठवतं ना, यावरून किती गहजब झाला होता? लीड म्हणाला होता, टीममधल्या तमिळ पोराला हे कसं कळणार, आणि तू म्हणालास, त्याला मी वाचून दाखवीन. आणि खरंच रोज जेवणाच्या सुट्टीत त्याला एकेक कॉमेंट वाचून दाखवायचास. तो आता साताऱ्याचा जावई आहे. परवा फोनवर मला म्हणाला, "काय मग, कंदी पेढे पाठवू का?" मी इतका हसलो की शेजारच्या क्युबिकलमधली माणसं उठून बघायला लागली.

त्या ओळीसमोर मात्र मी खूप वेळ नुसता बसून होतो.

सॉफ्टवेअर फोडण्यावरून टपरीवर झालेलं भांडण मला शब्द न् शब्द आठवतं. तुझा मुद्दा एकच होता: "कोड कुठेही फोड, व्यवहार फोडू नकोस." सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलरचा २०१५ चा लेख तू सांगत होतास, आधी एकसंध बांधा, सीमा कळल्या की मग वेगळं करा, असं म्हणणारा. त्याच फाउलरचा आणि लुईसचा मायक्रोसर्व्हिसेसवरचा, म्हणजे असे सुटे तुकडे करण्यावरचा, २०१४ चा लेख आपण दोघांनी कॅबमध्ये वाकडपासून शिवाजीनगरपर्यंत मोठ्याने वाचला होता, हे मी तुला सुनावलं. आणि मग सगळ्या पोरांसमोर म्हणालो की तुला वितरित सिस्टिम कळतच नाही, तू घाबरतोस. तू कप खाली ठेवलास आणि पैसे देऊन गेलास. माझ्याही चहाचे दिलेस.

ते वाक्य मी परत घेतो. तुला कळत होतं. आणि तू घाबरत होतास तेही बरोबर होतं, कारण पावती हातात आल्यावर तुझ्या आईचा, काकूंचा, चेहरा कसा व्हायचा ते तू लहानपणापासून बघितलेलं होतंस.

काकूंचं आठवतं का? आपण तुमच्या घरी गेलो होतो, मी जेवताना फुशारकीने सांगत होतो की आता मोठं सॉफ्टवेअर फोडून छोटी छोटी करणार. काकूंनी भाकरी थापता थापता विचारलं, "वाटण्या करताय व्हय? मग हिर कुणाच्या वाट्याला?" आपण सगळे हसलो. काकू नव्हत्या हसल्या. त्यांना खरोखर उत्तर हवं होतं. जमीन वाटली जाते, गोठा वाटला जातो, पण विहीर सातबाऱ्यावर सामायिकच राहते आणि पाण्याच्या पाळ्या लावतात. आमच्या वाटणीत मी विहिरीच्या मधोमध भिंत घातली.

फोडायची कारणं खरी होती, ते तूही मान्य करायचास. अहवालातला एक स्वल्पविराम बदलायला सगळं परत डिप्लॉय करावं लागायचं, बिल्डला चाळीस मिनिटं लागायची, नऊ जणांची टीम चौतीसची झाली होती. आणि दरपत्रक वेगळं काढलं ते उत्तमच झालं, अजूनही म्हणतो. दर कधीही बदलतात, बाकीच्यांना ते नुसते वाचायचे असतात. अहवालांचंही तसंच. डेव्हिड पार्नस या संगणकशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हेच सांगितलं होतं: कामाच्या पायऱ्यांप्रमाणे तुकडे पाडू नका, जो निर्णय पुढे बदलेल तो एका तुकड्यात झाका. दरपत्रकाला मी ते लावलं. कपातीला का नाही लावलं?

याचं उत्तर मला गुरुवारी सापडलं, आणि तेव्हापासून झोप नाही. पांढऱ्या फळ्यावर सगळे चौकोन काढले आणि प्रत्येकाखाली तो सांभाळणाऱ्यांची नावं लिहिली. बिलवाले हिंजवडीत बसतात, कपातवाले खराडीत. त्या वर्षी हिंजवडीत जागा संपली, कंपनीने खराडीत मजला घेतला, दहा जण तिकडे गेले. तिकडच्यांना स्वतःचं काहीतरी काम द्यायला हवं होतं. मी कपात दिली. एवढंच कारण, पक्या. फळ्यावरची रेघ हिंजवडी आणि खराडीच्या मधोमध पडली होती आणि मी तिला डोमेनची, म्हणजे कामाच्या विषयाची, सीमा म्हणून तीन प्रेझेंटेशन्स दिली. संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात तशीच तिची सिस्टिम घडते, हे मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ सालीच लिहून ठेवलंय. मी ते नवीन पोरांना शिकवतो, दर बॅचला.

उद्या अकराला मीटिंग आहे. तिथे मला सांगायचंय की पुढे काय.

तातडीचं काम गुरुवारीच केलं. प्रत्येक कपातीला आता स्वतःचा नंबर आहे. तोच नंबर पुन्हा आला तर कपात सर्व्हिस काही न कापता आधीचंच उत्तर परत देते. एकच चेक बँकेत दोनदा वटत नाही, तसं. हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. वरच्यांचं म्हणणं, झालं ना मग, पुढे चला. पण हा नंबर फक्त दोनदा कापणं थांबवतो. कापलं आणि बिल निघालंच नाही, असं झालं तर काय? त्याला 'सागा' नावाचा उपाय आहे, गार्सिया-मोलिना आणि सेलम यांचा १९८७ चा: प्रत्येक पायरीला तिची उलट पायरी लिहून ठेवायची, पुढचं फसलं की मागचं उलटवत यायचं. टीमला तेच करायचंय. उलट नोंद टाकता येते, मला मान्य आहे. पण कापल्यापासून परत येईपर्यंतचा जो दीड दिवस आहे, त्यात त्या बाईंनी दुकानदाराला काय सांगायचं?

माझं मन म्हणतं, दोन्ही परत एकत्र करावं. एक डेटाबेस, एक कमिट, तू लिहिलं होतंस तसं. खराडी-हिंजवडीच्या दोन टीमा एका कोडवर बसतील, भांडतील, पण बोलतील.

यात दोन गोष्टी टोचतात. एक, कपात सर्व्हिस लिहिणारा पोरगा. त्याचं पहिलं मोठं काम. रात्री जागून लिहिलंय, टेस्ट्स बघशील तर खूश होशील. शुक्रवारी मला विचारत होता, "सर, माझं कुठे चुकलं?" मी म्हणालो, तुझं काही चुकलं नाही, रेघ मी चुकीच्या जागी मारली. त्याला ते पटलं नाही. त्याला वाटतं मी त्याला सांभाळून घेतोय. उद्या त्याच्यासमोर त्याची सर्व्हिस बंद करायची म्हणायचं.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. तेव्हा मी नव्याच्या ओढीने निर्णय घेतला. आता शरमेच्या ओढीने घेतोय का? तुझी कॉमेंट वाचून, ती पावती बघून, तुझी माफी मागावीशी वाटून मी दोन टीमांचं सहा महिन्यांचं काम ठरवत असेन, तर ती तीच चूक झाली. जुन्या विद्यापीठ चौकातल्या पुलाखालून आपण रोज जायचो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो पाडला, कारण वरून मेट्रो न्यायची होती. तेव्हा तू म्हणालास, पूल वाईट नव्हता, पुढे काय येणार ते त्यात धरलं नव्हतं. उद्या मी जे जोडेन त्यात पुढचं काय धरलेलं नसेल, हे मला एकट्याला दिसत नाहीये. तू समोर बसून आडवे प्रश्न विचारलेस की दिसायचं.

तुझं कसं चाललंय? फाउंड्रीवाल्यांचं काम वाढलंय असं ऐकलं, दोन पोरंही घेतलीस म्हणे. चिमीची दहावी ना यंदा? तिला माझ्याकडून आशीर्वाद सांग, आणि अकरावीला पुण्याला पाठवायचं असेल तर आमच्याकडे खोली आहे, हॉस्टेल बघू नकोस. वहिनींना नमस्कार. दसऱ्याला आम्ही कोल्हापूरला येतोय, घर बघायला, या वेळी नक्की.

सोबत तीन चौकोनांची आकृती आणि कपातीचा नवा कोड जोडलाय. सकाळी साडेदहापर्यंत फोन कर. मी साडेनऊपासून गाडीत असेन, पण उचलतो. रागावलेला असशील तरी कर.

काकूंना सांग, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आणून देतो.

तुझा,
बंड्या

ता. क. जुन्या फाइलमध्ये ओळ ४१८ वर तू महिन्याच्या शेवटच्या बिलात, फक्त अकरा दिवसांचं असेल तेव्हा, गोल करण्याआधी कपातीची बेरीज वेगळी धरली आहेस. तिथे कॉमेंट नाही. नव्या कोडमध्ये ते आलेलंच नाही. ते का केलं होतंस, तेवढं आठवून ठेव.